गोळीची आमटी

मी मूळची जामखेडकडची, तिथनं बी आत आमची वस्ती. नुसतं माळरान. पण पाऊस पडला का काय सांगू ताई तुम्हाला, आई आमची खुरपाया गेली का येताना पदराच्या ओट्यात पाला घिऊनच यायची, तांदुळजा म्हणा, घोळ म्हणा, कुर्डू, पाथरी, जे घावंल ते. लसूण-मिरचीवर परतायची आन् ज्वारीची भाकर. दूध-तूप कुणी बघितलंय, पण आजारी म्हणून कुणी पडलं न्हाई आमच्यात. आई म्हातारपणी बी डोक्यावर हंडा घिऊन विहीर चढायची. आता हे सांगतेय खरं, पण तेच सांगायची मला लाज वाटायची, म्हणून तर पुढचं सगळं रामायण झालं.

लगीन झालं आन् भांडुपला आले. टेकडीवर खोली, आमचे मालक कागदाच्या कारखान्यात हमालीला. मोठी मंदा, तिच्या पाठीवर दोघं धाकटी. मी मुलुंडला एका बिल्डिंगीत धुणीभांडी करायची, आन् येताना वाटंत टेकडीला जे उगवलंय ते खुडून आणायची. शेवग्याचं झाड व्हतं एक, त्याचा पाला तर बारा महिने. पोरं आवडीनं खायची, मंदा तर कढई पुसून खायची.

मंग एक दिवस नळावर मी भाजी धूत बसलेली, आमच्या समोरच्या काकी, कोकणातल्या, तोंडानं लई फटकळ, त्या सगळ्यांदेखत म्हणल्या, काय गो गयाबाय, शेळी पाळलंस की काय? झालं. सगळ्या बाया फिदीफिदी हसल्या. मी बी हसले, पण आतनं मेल्यावानी झालं. आधीच आपण त्या चाळीत परकं, आपल्याकडं लोक कसं बघत्यात ते आपल्याला ठावं, त्यात पाला खाणारी म्हणून नाव पडलं तर पोरगीला उद्या कोण विचारणार. मंग मी भाजी पिशवीत घालून वर कपडा टाकून आणाया लागले, भल्या पहाटं धुवायची. आन् नंतर नंतर आणायचीच सोडली.

आता सोडायला बी कारण घावलं बघा. मुलुंडला मी कामाला जायची त्या वहिनींकडं रंगीत टीव्ही आला त्याच साली त्यांनी त्या गोळ्या सुरू केल्या. पिवळ्याजर्द, काचंसारख्या, आत तेल. म्हणल्या, गयाबाई, ह्यानं कातडी सुरकुतत न्हाई, म्हातारपण लांब ऱ्हातं. साहेब त्यांचे औषधाच्या कंपनीत, ते हसत म्हणले, अहो, ह्या एका गोळीत टोपलीभर भाजी आहे. वहिनी मनानं लई चांगल्या. एक आख्खी बाटली मला दिली, म्हणल्या, तुम्ही पण घ्या, किती वाळलात.

मी एकटी कशी खाणार? घरात पाच तोंडं. मी म्हणलं, एका गोळीत टोपलीभर भाजी हाय तर ती एका माणसानं कशाला गिळायची, टोपलीभर भाजी तर आख्ख्या घराला पुरती! मंग मी काय करायची, रोज आमटी उकळली का एक गोळी सुईनं टोचायची आन् पातेल्यात पिळायची. वर पिवळं तेल तरंगायचं. वास यायचा थोडा माशावानी, पोरं नाक मुरडायची, मी लसणाची फोडणी जास्त द्यायची. आन् काय तो माझा तोरा, ताई! नळावर आपणहून सांगायची, आमच्यात आता भाजीबिजीची कटकट न्हाई, आमच्या आमटीत मुलुंडच्या साहेबांचं औषध असतं. बाटली संपली का वहिनी दुसरी द्यायच्या. शेवग्याच्या झाडाखालनं जायची पण वर बघायची न्हाई.

आन् मंदा सुकाया लागली. आधी म्हणायची, आई, जिना चढताना दम लागतोय. मी म्हणायची, अभ्यासाचा कंटाळा आलाय तुला, नाटकं करू नगंस. केस गळाया लागले, वटाला चिरा पडल्या. एक दिस शाळंत प्रार्थनेला उभी ऱ्हायली आन् धाडकन पडली. बाईंनी चिठ्ठी दिली, दवाखान्यात न्या.

म्युनसिपाल्टीच्या दवाखान्यात गेलो. मी चांगलं लुगडं नेसले, पोरीला तेलवेणी केली, म्हणलं कुणी आपल्याला भुक्कड म्हणाया नगं. डॉक्टरीणबाईंनी मंदाची पापणी खाली वढून बघितली, आत नुसतं पांढरं. म्हणल्या, रक्त न्हाई पोरीला. घरात काय खाता? आन् मागं लायनीत धा बाया उभ्या, सगळं ऐकत्यात. माझ्या तोंडातनं काय निघालं माहितीये? वहिनींच्या फ्रीजमधलं सगळं! पालक, फ्लॉवर, गाजर, टमाटे, सफरचंद तर रोज. घडाघडा सांगितलं. डॉक्टरीणबाई चक्रावल्या. एवढं खाऊन असं कसं, म्हणल्या, मंग आत काहीतरी मोठं दुखणं असणार, मोठ्या हास्पिटलात भरती करा. आन् चिठ्ठी लिवाया लागल्या. तरी तोंड उघडंना माझं, ताई. पोरगी जातीय का ऱ्हातीय आन् मला बायांची लाज!

मंदाच बोलली. आई, खोटं कशाला सांगतीस? आपण गोळीची आमटी खातो.

गोळीची आमटी म्हंजे? डॉक्टरीणबाईंनी विचारलं. पोरीनं सगळं सांगितलं, आधी टेकडीवरचा पाला खायचो ते, मंग सुई, पातेलं, टोपलीभर भाजी. मागं एकच हशा. एक बाई तर पदर तोंडात कोंबून हसत व्हती. डॉक्टरीणबाई तेवढ्या हसल्या न्हाईत. त्या हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पेन खाली ठेवला आन् हळूच विचारलं, आधी पालेभाजी खात होता ना, मग सोडली का? काय सांगणार, शेळी म्हणतील म्हणून?

त्या म्हणल्या, अहो बाई, गोळीत एखाद-दुसरी गोष्ट काढून भरलेली असते, भाजीत काय काय असतं ते अजून आम्हाला बी पुरतं ठाऊक न्हाई. त्यांनी रक्ताच्या लाल गोळ्या दिल्या. मी म्हणलं, ह्या बी गोळ्याच की. म्हणल्या, हे दुखण्याचं औषध, पोरीनं गिळायचं, पातेल्यात नाही हां! आन् पाला रोज पाहिजे, वर लिंबू पिळा, डाळ, जमलं तर अंडं.

वहिनींना मी काय बोलले न्हाई, त्यांनी जीव लावून दिलं व्हतं. पण दुसऱ्या दिवशी त्यांच्या वट्यावर पालकाची जुडी निवडत बसले आन् एकदम रडू फुटलं. अहो, त्या गोळी खायच्या ती पालक खाऊन वर खायच्या की! रोज ती जुडी मीच निवडून द्यायची, ह्या हातानं. मला तेवढं दिसू नये?

पावसात मंदाला रंग आला. एक दिस तीच टेकडीवर गेली, टाकळा खुडून आणला, आन् कपडाबिपडा न घालता उघडी टोपली डोक्यावर घिऊन आख्ख्या चाळीतनं आली. वरडत आली, आमच्यात आज टाकळा हाय, कुणाला पायजे? मी लाजंनं दाराआड झाले. आन् ताई, थाळी घिऊन पहिल्या कोण आल्या? त्याच काकी. म्हणल्या, कितक्या वर्सांन टाकळो बघलंय गो, माका पण घाल वाईच, आमच्या गावाक ह्योच खातंव आमी.

म्हंजे त्यांनी नुसती मस्करी केली व्हती. त्यांना तर आठवत बी न्हाई. आन् मी त्या एका मस्करीपायी माझ्या लेकराच्या अंगातलं रक्त आटवलं.

आता मंदा कालेजात जाती, डब्याला शेवग्याचा पाला नेती, मैत्रिणींना वाटती. मी अजून बी भाजी आणली का पिशवीवर पदर घेतेच, हात आपोआप जातो. माझं आता असंच जायचं. पोरीला तेवढी लाज न्हाई लागली, लई झालं.