नावाशिवाय तक्रार नाही

ताश्तान: नाव घे, सूनबाई.

बुरुल: सांगितलं की, आजोबा. डोंगराकडचे बाबा.

ताश्तान: डोंगराकडे अर्धं गाव राहतं, आणि त्यातले निम्मे बाबाच आहेत. बघ, बाकीचे पंच हसताहेत. मी हसत नाही, पण लिहून काय घ्यायचं ते मलाही कळत नाही.

बुरुल: पाटाच्या तोंडाशी ज्यांचं घर आहे ते. ज्यांनी फळी टाकून खालच्या आळीचं पाणी स्वतःच्या माशांच्या तळ्यात वळवलंय ते. माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ. अजून किती सांगू? तुम्हाला माहीत आहे कोण ते.

ताश्तान: मला माहीत आहे, माझ्या घोड्यालाही माहीत आहे. पण पंचानं तक्रारदाराच्या तोंडात नाव घालायचं नाही. ज्याच्यावर बोट ठेवायचं, त्याचं नाव स्वतःच्या तोंडानं, सगळ्यांदेखत घ्यायचं. ही आपली रीत.

बुरुल: आणि सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव सुनेनं मरेपर्यंत तोंडावर आणायचं नाही, हीही आपलीच रीत.

ताश्तान: दोन्ही आपल्याच. मी केल्या नाहीत.

बुरुल: मग कागदावर लिहून देते. शाळेत शिकवते मी, अक्षर चांगलं आहे.

ताश्तान: कागद उद्या कोणीही नाकारतो, पोरी. चारचौघांत उच्चारलेलं नाव नाकारता येत नाही. आम्ही आता नमाजाला उठतोय. परत आल्यावर एकदाच विचारीन. नाव आलं नाही, तर तक्रार पडली, आणि पुढच्या वसंतापर्यंत पुन्हा मांडता येणार नाही. तुझ्या सासूला बोलावणं धाडलं होतं. ती बघ, आलीच.

(पंच उठून बाहेर जातात. सभागृहात सासू-सून दोघीच. बुरुल सासूला ‘एने’ म्हणते.)

कालिपा: ऊठ. घरी चल. कणीक भिजवून तशीच टाकून आलेय.

बुरुल: थोडं बसते, एने. नमाज होईस्तोवर.

कालिपा: बसून काय अंडी उबवणार आहेस? खरं सांग, नाव घेणार आहेस त्यांचं?

बुरुल: माहीत नाही.

कालिपा: माहीत नाही म्हणजे घेणार. अगं, या घरात आल्यापासून मी त्या माणसाला ‘उंच टोपीवाले’ म्हणत आलेय. केस पांढरे झाले माझे. ताप चढला, बाळंतपणात शुद्ध हरपली, तरी जीभ घसरली नाही. आणि तू काल आलेली!

बुरुल: काल नाही आले. माझी पोरगी शाळेत जाते आता.

कालिपा: आपल्या अंगणात पाणी येतं की नाही?

बुरुल: येतं.

कालिपा: मग तुझं काय जळतंय?

बुरुल: माझा वर्ग जळतोय. खालच्या आळीतल्या मुली येईनाशा झाल्यात. सकाळपासून बादल्या घेऊन नदीवर. परवा आइझादा कड्यावरून घसरली, हात मोडला तिचा. तिच्या आईला म्हटलं, चल पंचांपुढे. ती म्हणाली, आमच्या मेंढ्या त्यांच्याच कुरणात चरतात, बाई, मी आलेच नाही असं समजा.

कालिपा: शहाणी आहे. पाण्यात राहून माशाशी वैर करत नाही.

बुरुल: पाण्यात! पाणी असतं तर मी इथे आलेच नसते.

कालिपा: जीभ बघा! ऐक माझं. बळी तो कान पिळी. खानांच्या वेळी तेच, लाल झेंड्याच्या वेळी तेच, आताही तेच. न्याय, समानता हे सगळं तुमच्या पुस्तकात शोभतं.

बुरुल: ते पुस्तक मीच शिकवते, एने. फळ्यावर लिहायचं ‘सगळी माणसं सारखी’, आणि समोर बाक रिकामे. लाज वाटते मला. 

कालिपा: मला शिकवू नकोस. मी नव्हते उभी राहिले? बिटाच्या शेतावर?

बुरुल: तुम्ही नेहमी म्हणता, भिंतीवर डोकं आपटलं. पुढचं कधी सांगत नाही.

कालिपा: सांगण्यासारखं आहे काय? आम्ही बायका दिवसभर बीट खुरपायचो, लेकरं बांधावर, उन्हात. पाळणाघर होतं, पण सामूहिक शेतीच्या अध्यक्षानं त्यात मेव्हण्याची लोकर भरून ठेवलेली. माझं पहिलं लेकरू... बांधावरच तापलं. संध्याकाळपर्यंत राहिलं नाही.

बुरुल: एने...

कालिपा: गप्प. काढलंस ना, आता ऐक. दुसरं झालं, तेव्हा मी सभेत उभी राहिले. अध्यक्षाचं नाव घेतलं. तो काही सासरचा नव्हता! लोकर हलवली, पाळणाघर उघडलं. आणि पुढे? बर्फ पडलं तसं बंद. वसंतात पुन्हा लोकर. एक उन्हाळा चाललं तुझं न्यायाचं राज्य, एकच. तंदूरपाशी बायका माझ्याशी बोलेनात. मला सगळ्यात लांबच्या, दगडाळ शेताच्या तुकड्यावर धाडलं. तेव्हापासून कानाला खडा.

बुरुल: त्या उन्हाळ्यात एसेन केवढा होता?

कालिपा: नवऱ्याचं नाव तर खुशाल घेतेस! रांगत होता.

बुरुल: कुठे रांगत होता?

कालिपा: कुठे म्हणजे?

बुरुल: बांधावर?

कालिपा: नाही.

बुरुल: मग?

कालिपा: ...पाळणाघरात.

बुरुल: एवढंच विचारायचं होतं.

कालिपा: मास्तरीण ना तू. उत्तर ठाऊक असल्याशिवाय प्रश्न टाकत नाहीस.

बुरुल: ठाऊक नव्हतं. तुमच्या तोंडाकडे बघून सुचलं.

कालिपा: बुरुल, मला राग नाही आलेला. मला भीती वाटते. एसेन तिकडे मॉस्कोत कामाला. घरात तू, मी आणि पोर. उंच टोपीवाल्यांनी सगळ्या भावकीला सांगितलं की या उंबऱ्याला पाय लावू नका, तर मी मेल्यावर माझा जनाजा कोण उचलणार? बाया उचलत नाहीत जनाजा. कोण माती देणार मला?

बुरुल: मलाही त्याचीच भीती वाटते. म्हणून तर मघाशी डोंगर-डोंगर करत बसले.

कालिपा: मग चल ना घरी.

बुरुल: आणि उद्या वर्गात जाऊन काय करू? आइझादाच्या बाकावर कापड टाकून ठेवू?

कालिपा: हट्टी. माझ्या घरात ही हट्टी पोर कोणी आणली?

बुरुल: तुम्हीच. सून करून घेताना पांढरा रुमाल तुम्हीच बांधलात माझ्या डोक्याला.

कालिपा: तेव्हा दिसायला गरीब होतीस. चपला वाजताहेत. आले ते.

ताश्तान: बसा, बसा सगळे. दार उघडंच ठेवा, बाहेरच्यांनाही ऐकू द्या. बोल, सूनबाई. एकदाच विचारतो. कोणाविरुद्ध तक्रार आहे तुझी?

बुरुल: शेरगाझी.

ताश्तान: मोठ्यानं.

बुरुल: शेरगाझी! माझे चुलत सासरे. त्यांनी खालच्या आळीचं पाणी अडवलंय.

ताश्तान: शांत राहा. बाहेर शिट्ट्या कोण मारतंय? शांत! ऐकलं आम्ही, पोरी. धीर केलास. पण एका तोंडावर एवढ्या मोठ्या माणसाला इथे उभं करता येत नाही. खालच्या आळीतून कोणी आलंय? कोणीच नाही? मग दुसरं तोंड कुठून आणू?

बुरुल: मी एकटीच आहे, आजोबा.

ताश्तान: तर मग माझा नाइलाज...

कालिपा: थांबा. आधी मला बसायला काहीतरी द्या. हां. शेरगाझी. माझा थोरला दीर. पाणी त्यानंच अडवलंय, मी फळी टाकताना पाहिलंय त्याला. लिहा.

ताश्तान: कालिपा! तू?

कालिपा: लिहा म्हटलं ना. पुन्हा म्हणायला लावू नका, आत्ताच घाम फुटलाय.

ताश्तान: लिहितो. उद्या त्याला बोलावू, फळी काढायला लावू. पण मी म्हातारा माणूस, तुम्हा दोघींना खोटी आशा लावणार नाही. तो चार दिवस गप्प बसेल, आणि मग पुन्हा फळी टाकेल.

कालिपा: मग आम्ही पुन्हा येऊ. नाव आता दोघींनाही घेता येतं.