विचारायचा ‘काहून’

“हॅलो?… हॅलो, कोण?… भाऊ? जयभीम भाऊ… हो, मीच, प्रेमिला. आवाज बारीक येऊन राहिला का?… थांब, जराशी भिंतीकडे सरकते. चार्जरची वायर लहान हाय नं.”

प्रेमिला लोखंडी कपाट आणि भिंत यांच्या मधल्या फटीत शिरली. नंदनवन वस्तीतल्या त्या घरात परवा तिच्या लेकीचं, दीप्तीचं लग्न होतं आणि उद्या सकाळी हळद. आज दिवसभर ज्याला ज्याला राग आला, त्याने त्याने तो फोन करून प्रेमिलालाच ऐकवला होता. फोन तरी किती सोसणार? त्याने मान टाकली म्हणून तो बोर्डाला लावलेला, आणि त्याच्याबरोबर ही बाईही. एक खांदा कपाटाला, एक भिंतीला. पलीकडे पारशिवनीहून तिचा थोरला भाऊ दादाजी, निवृत्त मास्तर. कालच तो फॅमिली ग्रुपमधून बाहेर पडला होता.

“नाही गा, मी कुठं तुह्या विरोधात गेली?… ऐक नं… अगा, ऐक तर. मी एकच शब्द लिहिला… हो. काहून… हो, पुढं प्रश्नचिन्ह टाकलं. एकच टाकलं!… टाळ्या मी नाही टाकल्या, त्या रोशननं टाकल्या.”

ग्रुपचं नाव ‘आनंदी परिवार’. ते कोणी ठेवलं, हे आता कोणी कबूल करत नव्हतं. दादाजीने तिथं लिहिलं होतं की बौद्धांच्या लग्नात हळदीला जागा नाही, आपल्या बापाने धम्म घेतला तेव्हाच हे सोडलं, आणि हळद होणार असेल तर मी लग्नाला येणार नाही. त्यावर प्रेमिलाच्या धाकट्या जावेचा, सरिताचा मुलगा रोशन म्हणाला, मामा, जमाना बदलला, तुम्हीही बदला. मग मामाच्या बाजूचे उठले, रोशनच्या बाजूचे उठले, आणि ज्यांना लग्नाचं आमंत्रणही धड पोचलं नव्हतं तेही उठले. या गदारोळात प्रेमिलाने भावाच्या मजकुराखाली लिहिलं, ‘काहून?’ तिला खरंच कारण जाणून घ्यायचं होतं. पण रोशनच्या बाजूने टाळ्या वाजवल्या, काकू आपल्याकडं! आणि मामाच्या बाजूचे म्हणाले, घ्या, सख्खी बहीणही फिरली.

मामाने त्याच क्षणी एक्झिट मारली.

“भाऊ, काहून काहून सारखा नसते गा. भांडायचा काहून वेगळा अन् विचारायचा काहून वेगळा. मी विचारायचा लिहिला. आता त्या लिहिलेल्याले आवाज नाही, त्याले मी काय करू?… मग फोन करायचा होता? तू उचलला असता?… पाह्य. उचलला नसता नं.”

दारावर थाप पडली.

“हो वं सरिता, आली… कोणाचा? टेलरचा. ब्लाऊजचं बोलून राहिली… हो, पाच मिनिटं… भाऊ? अगा, तुले नाही म्हटलं टेलर. सरिता होती. तुहा फोन हाय म्हटलं असतं, तर इथंच येऊन उभी राहिली असती… हसू नको. मले पसीना सुटून राहिला.”

पसीना खराच सुटला होता. कूलर बाहेरच्या खोलीत, पाहुण्यांसाठी. इथं मे महिन्याची दुपार आणि कपाटाचा तापलेला पत्रा. प्रेमिलाने पदराने मान पुसली आणि तिला एकदम स्वतःचीच कीव आली. तिच्या लेकीचं लग्न, आणि तीच चोरासारखी कोपऱ्यात.

“तूही म्हणतं स्पष्ट लिही, सरिताही म्हणते स्पष्ट लिही. तुले पाहिजे, हळद रद्द. तिले पाहिजे, हळद होणार म्हणजे होणार. मलेच अजून स्पष्ट नाही, तर मी काय स्पष्ट लिहू?… नाही, कचरून नाही राहिली… बरं, थोडीशी कचरली असन. पण मले सच्ची माहीत नाही भाऊ, कोण बरोबर. तू म्हणतं तेही पटते. पोट्टे म्हणतात तेही वाईट नाही वाटत. असं वाटणं गुन्हा हाय का?”

पलीकडून बरंच काही आलं. प्रेमिला डोळे मिटून ऐकत राहिली. मास्तरांच्या बोलण्याला मुद्दे असतात आणि मुद्द्यांना उपमुद्दे.

“हो… हो… ते मालूम हाय गा. आपल्या बाबांनी सांगितलेलं मलेही आठवते. ते नको. भाषण नको. तुले, तुले स्वतःले काय होते हळद म्हटलं की?… हां. बोल.

“कोण, गोपिका आत्या?… आपल्याले वाढवलं, तीच नं… तिच्या पोरीची हळद? मी तं पाळण्यात असन तवा… कुठं बसवलं तिले?… गोठ्यात?… स्वतःच्या पोरीची हळद, अन् माय गोठ्यात?… हळद होईपर्यंत?… विधवा म्हणून. हो, म्हणूनच… अन् तू तिच्यापाशी जाऊन बसला… किती वर्षांचा होता तू?… अगा माय.”

गोपिका आत्या तिला आठवत होती ती म्हातारी, तांब्यात पाणी घेऊन उन्हात उभी राहणारी. गोठ्यातली आत्या तिला कोणी कधी सांगितलीच नव्हती. धम्म घेऊन कैक वर्षं झाल्यावरही नातलगांत हे चालत होतं, आणि त्या दिवशी बाबांनी मांडवातच सांगितलं होतं की आमच्या घरात हळद कधीच होणार नाही.

“पण भाऊ, ते जुनं झालं. आता कोण कोणाले गोठ्यात बसवते? आता ही फोटोची हळद हाय. पिवळे कपडे घालतात, नाचतात… काय?… कोणतं कार्ड? सरितानं ग्रुपवर टाकलं ते, झेंडूच्या फुलांचं?… हो, वाचलं नं… नऊ वाजता. हो. पहिली हळद पाच सवाष्णी…”

कार्ड तिने वाचलं होतं. ती ओळही वाचली होती, आणि पायात काटा रुतला तरी चारचौघांत लंगडू नये तशी पुढे गेली होती. त्याआधीच स्वयंपाकघरात सरिताने हळू आवाजात सांगितलं होतं, ताई, पहिली हळद आम्ही पाच जणी लावतो, तुम्ही थोड्या मागं राहा, वाईट नका वाटून घेऊ. प्रेमिलाचा नवरा जाऊन आठ वर्षं झाली होती. ती ‘चालते’ म्हणाली होती आणि लगेच कांदे चिरायला बसली होती.

“हो… सांगितलं होतं तिनं मले… मी म्हटलं चालते. काय करू? लग्नघर हाय, पाहुणे हायेत… हो. लागलं. लागलं नं भाऊ, काहून नाही लागणार? मीच वाढवली पोरीले अन् मीच मागं?… नाही, दीप्तीले नाही सांगितलं. कोणालेच नाही.

“अन् तुले ते कार्ड वाचूनच समजलं होतं, मी मागं राहणार म्हणून. पहिल्या दिवशीच… मग हेच लिहायचं होतं नं ग्रुपवर! तू बाबा लिहिले, धम्म लिहिला, एवढं मोठं लिहिलं, अन् हे एक नाही लिहिलं?… हो… हो, समजलं. साऱ्या खानदानापुढं माह्यं नाव नव्हतं घ्यायचं तुले… अन् मी समजत होती, मास्तरकी करून राहिला. माफ कर गा.”

रडू आलं तरी वाकायला जागा नव्हती. तिने कपाळ कपाटाला टेकवलं.

“आता माह्यं ऐक. तू दीप्तीले विचारलं का, तुले हळद कायले पाहिजे म्हणून?… नाही नं. तू लिहिलं, सरितानं लिहिलं, कोणी कोणाले विचारलं नाही. दीप्ती माह्यासाठी पिवळी साडी घेऊन आली, भाऊ. तिचे बाबा गेल्यापासून मी राखडी अन् तपकिरी सोडून काही नेसली नाही. म्हणे आई, तू माझ्यासोबत पिवळ्यात पाहिजे, नाहीतर मले हळद नको… हो, खरंच असं म्हणाली. तिले ते सवाष्णीचं माहीतच नाही. आजकालचे पोरं कार्डाचा रंग पाह्यतात, मजकूर कोण वाचते?

“… भाऊ?… रडून राहिला का?… सर्दी? या उन्हात सर्दी?”

मग पलीकडे मास्तर एकदम कामाला लागले असावेत, कारण प्रेमिला दचकून सरळ झाली.

“नको, नको! ग्रुपवर नको लिहू. मले परत ॲड कर म्हणू नको… अगा, तिथं लिहिलं की जो तो बाजू धरते. अन् सरिताले फोनही नको करू. ती वाईट नाही गा. मंडपापासून चिवड्यापर्यंत सारं तिनंच उभं केलं. तिच्या मायनं तिले जे शिकवलं, ते ती करून राहिली. तू तिच्यावर ओरडला, तर ती आयुष्यभर तेच धरून बसन… मीच बोलते. तोंडानं… हो, भीती वाटते. खूप वाटते.

“तू ये उद्या. हळद लावू नको. कोणी लावाले आलं तर हात जोडून नाही म्हण. पण ये… कायले म्हणजे? मी पहिली हळद लावाले उठीन, तवा साऱ्या बाया माह्याकडे पाह्यतीन. तवा मले माह्या बाजूनं बोलणारा नको भाऊ, माह्या बाजूले बसणारा पाहिजे. तू आत्यापाशी बसला होता नं, तसा… हो… हो, समोरच, मधात बसू. मागं नाही.

“… पहिली गाडी किती वाजता हाय तिकडून?… मग पोचशीन नं नऊच्या आधी. उपाशी निघू नको. गोळी घेऊन ये बीपीची.

“एक मिनिट… सरिता! ये आत. नाही वं, चहा राहू दे, तू बस इथं पलंगावर. दार लाव. मले तुह्याशी उद्याचं बोलायचं हाय…

“ठेवते भाऊ.”