अर्थची तार

मिरकरवाड्याजवळच्या स्पेअर पार्टच्या दुकानात माझ्यापुढे बाप-लेक रांगेत उभे होते.

"सानिका, नवी बॅटरीच घेऊया. उद्या चिखलातली शर्यत, जीप तिथं बंद पडली तर?"

"बाबा, दोन बॅटऱ्या बदलल्या. दिवे लावले की इंजिन बंद पडतंच ना?"

"मग चुकलं कुठं?"

"मी दुसरं इंजिन घातलं, ते रबरावर बसलंय. रबरातून वीज जात नाही, आणि इंजिन चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला जोडणारी अर्थची तार लावायची राहिली. माझीच चूक."

"मी तीस वर्षं ट्रॉलरचं इंजिन चालवलंय, बाय. एका तारेपायी इंजिन बंद पडलेलं कधी बघितलं नाही."

"म्हणून तर आधी खात्री केली. सकाळी तात्पुरती तार जोडली आणि दिवे लावून मांडवीपर्यंत जाऊन आले."

"एकदाही बंद पडली नाही?"

"एकदाही नाही."

दुकानदाराने विचारलं, "काका, काय देऊ?"

"तिला विचारा. मेकॅनिक ती आहे."