वनाचा फॉर्म

नाही पण मला सांगा, माणसाने किती चांगलं असावं याला काही मर्यादा? आमच्या वनाला नाही. रोज सकाळी साडेदहाला माझ्या टेबलावर चहा, कपावर बशी झाकून, आणि वर “लीलाधरभाऊ, साखर बराबर शे ना?” ...तुम्हाला सांगतो, तो चहा घशाखाली उतरत नाही. चार वर्षांपूर्वी हाच वना आणि मी धुळ्याच्या याच पतपेढीत शिपाई होतो, एका बाकावर बसायचो, साहेबाची घंटा वाजली की दोघं एकदम उठायचो, आणि आता मी आत क्लार्कच्या खुर्चीवर अन् तो बाहेर बाकावर, एकटा. हे कसं झालं ते ऐका आणि मग तुम्हीच सांगा, माझं काय चुकलं?

सत्याऐंशी साली आमचे मॅनेजर रुपचंदसाहेब दोघांना आत बोलावून म्हणाले, “तीन वर्षांनी क्लार्कची एक जागा रिकामी होतेय. तुमच्यातला जो बी.ए. होईल त्याची. दोघं झालात तर ज्याचे मार्क जास्त त्याची. घरी पोस्टाने धडे येतात, सुट्टीच्या दिवशी जळगावला तास असतात, नोकरी सांभाळून करा.” म्हणजे जागा एक, माणसं दोन, आणि वनाला बारावीला माझ्यापेक्षा वीस टक्के जास्त! हे असं दोघांना समोरासमोर उभं करून सांगायची काही गरज होती का?

फी ऐकून तर मी खालीच बसलो, महिन्याचा पगार गेला असता. मी सासऱ्यांकडून आणली. फुकट नाही, “आम्ही सातवीवर दुकान टाकलं, तुम्हाला कशाला पाहिजे बी.ए.?” हे दोन तास ऐकून आणली. आणि वनाची फी कोणी आणली? त्याच्या बायकोने, कुंदाबाईने. बाईने अख्खा उन्हाळा लोकांच्या गच्च्यांवर बिबड्या, म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड, घातल्या, ज्वारीचं पीठ शिजवता शिजवता हात भाजले, तेव्हा कुठे ड्राफ्ट निघाला, तोही शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी. फॉर्म जळगावच्या केंद्रात हातोहात द्यायचा, आणि नेमकी त्याच रात्री वनाची आई दवाखान्यात. सकाळी एस.टी. स्टँडवर धावत आला, पाकीट माझ्या हातात दिलं. “भाऊ, तुम्ही जाईच रायनात, मनंबी दी द्या.”

मी देणारच होतो हो. शपथेवर सांगतो, देणारच होतो. तासभर रांगेत उभा राहिलो, नंबर आला, माझं पाकीट दिलं, पावती घेतली. दुसरं पाकीट पिशवीतून काढणार, तेवढ्यात खिडकीतली बाई म्हणाली, “अजून कोणाचा आहे का?” आणि माझं तोंड म्हणालं, “नाही.” मी नाही म्हणालो, तोंड म्हणालं. बरं, खिडकी पाचपर्यंत उघडी होती. मी शंभर पावलांवर हॉटेलात बसलेलो. शेवभाजी मागवली. रस्सा जास्तीचा घेतला. घड्याळ समोरच भिंतीवर होतं... सव्वापाचला बिल दिलं.

रात्री दवाखान्यात जाऊन वनाला सांगितलं, “माझा घेतला अन् खिडकी लावली, मुदत संपली म्हणाले रे. मी हातापाया पडलो, पण ऐकेनात.” आता चार शिव्या द्याव्यात ना, विद्यापीठाला तरी? तो म्हणाला, “मना नशीबमा नही शे. तुम्ही कसाले वाईट वाटी लेतस?” आणि मलाच पाणी आणून दिलं. ड्राफ्ट रद्द करायला बँकेने पैसे कापले, ते मी माझ्या खिशातून दिले, हे कोणी लक्षात घेत नाही. उरलेले त्याच्या आईच्या ऑपरेशनला लागले. म्हातारी वाचली. म्हणजे एका परीने कोणामुळे वाचली? ...आता यात माझं काय चुकलं?

पुढे धडे यायला लागले. पाकीट उघडलं की मला झोप. अर्थशास्त्राचं पहिलं पान मी अकरा वेळा वाचलं असेल, दुसरं पान कसं असतं ते बघितलं नव्हतं. वना म्हणाला, “भाऊ, मी वाची देऊ का?” मग काय, तीन वर्षं दुपारी त्या बाकावर तो वाचतोय, समजावतोय, पैसे काढायच्या कोऱ्या स्लिपांच्या मागे टिपणं लिहून देतोय, आणि मी पाठ करतोय. शेचाळीस टक्के पडले. पेढे त्याने वाटले. जागा मला मिळाली, आणि साहेबांनी त्याला सांगितलं, “वना, आता दहा वर्षं तरी दुसरी जागा नाही.” त्यावर तो म्हणतो, “एक तरी आपल्यातला आत गेला.”

दर उन्हाळ्यात कुंदाबाईचा डबा येतो, बिबड्यांचा. यंदाही आला. तळल्या, ताटात वाढल्या, पण तोंडापर्यंत हात जाईना. म्हटलं, बास. दुसऱ्या दिवशी वनाला आत बोलावलं, दार लावलं आणि सगळं सांगितलं. खिडकीतली बाई, माझं “नाही”, शेवभाजी, घड्याळ, सगळं. वाटलं, आता कानाखाली वाजवणार, आणि खरं सांगतो, वाजवावी असंच वाटत होतं.

त्याने माझे दोन्ही हात धरले. डोळ्यांत पाणी. म्हणाला, “भाऊ, मना जीवले बरं वाटाले पाहिजे म्हणीसन तुम्ही सोतावर आळ लेतस? इतलं मोठं मन?”

मी म्हटलं, “अरे वना, खरंच मी...”

“बस, भाऊ. आता बोलू नका.”

आणि बाहेर जाऊन अख्ख्या पतपेढीला सांगितलं. रुपचंदसाहेबांनी केबिनमध्ये बोलावून पाठ थोपटली. कॅशियर म्हणाला, “असा माणूस बघितला नाही.” मी खरं काय ते सांगायला तोंड उघडलं की लोक म्हणतात, बघा, अजून स्वतःलाच दोष देतोय.

आता पतपेढीत कोणाच्याही घरचा फॉर्म असो, मुलाच्या प्रवेशाचा असो की बायकोच्या बी.ए.चा, फीच्या ड्राफ्टसकट थेट माझ्या टेबलावर येतो. परवा रजा टाकून जळगावला चाललोय. सात पाकिटं आहेत. एस.टी.चं भाडं माझंच.