रोमिओ कोल्हापूरचा

कोडोलीची माझी आत्या, तिच्यामुळे माझी हॅम रेडिओची, म्हणजे हौशी वायरलेसच्या परवान्याची, परीक्षा बुडता बुडता राहिली. वायरलेसवर स्पेलिंग सांगताना प्रत्येक इंग्रजी अक्षरासाठी एक शब्द ठरलेला असतो. के म्हणजे किलो, ओ म्हणजे ऑस्कर. परीक्षा चार दिवसांवर आली होती आणि मला कुणासमोर बोलायची लाज वाटते, म्हणून मी दार लावून कोल्हापूरचं स्पेलिंग घोकत होते.

"किलो, ऑस्कर, लिमा, हॉटेल, अल्फा, पापा, युनिफॉर्म, रोमिओ."

आत्या दार ढकलून आत आली आणि तिनं आधी माझा मोबाईल काढून घेतला.

"वहिनी, हिकडं या. पोरगी कुणा रोमिओला हॉटेलात बोलवाय लागलीया. शाळंच्या युनिफॉर्मवर. आन् पापाला सांगू नको म्हणत असंल."

आई पिठाच्या हातानंच आली. "तरीच दार लावून अभ्यास. परीक्षा ऱ्हाऊ दे आता."

मी कसंबसं म्हणाले, "आत्या, ते सगळं मिळून कोल्हापूर होतंय."

आत्या एकदम निवली. मोबाईल परत देत आईला म्हणाली, "आपल्या कोल्हापूरचाच हाय म्हणं. घरदार तरी बघून येऊया की."