एलचा पाय

(ग्लेंदा कारखान्यातून बोलतेय. घरी तिची आई नार्सिसा आणि लेक दोमी. फोन जेवणाच्या टेबलावर.)

ग्लेंदा : …हात नको लावूस म्हटलं ना दोमी, त्या बरणीला.

दोमी : मी नाही खाल्लं, आई. त्यात कांदा आहे. आजीनं खाल्लं.

ग्लेंदा : किती?

नार्सिसा : वाटीभर. लिंबू पिळून, तळलेल्या केळ्यांबरोबर. का गं? तुमच्याच कारखान्यानं कार्निव्हलला वाटलेली बरणी ना ही?

ग्लेंदा : म्हणून तर विचारतेय. त्या बरण्या भरल्या, त्या दिवशी ई भट्टीला वाफ पुरली नव्हती. तिच्यातले ताडाचे कोंब कच्चे राहिलेत, विष धरलंय त्यांनी. आत्ता कळलं आम्हाला. एफ भट्टीतले चांगले आहेत. झाकणावर भट्टीचं अक्षर कुठलं छापलंय बघ ना, आई.

नार्सिसा : काही नाही. साबणानं धुतली, तर तुमची शाईच निघून गेली.

ग्लेंदा : झाकण ओलं असलं की धरतच नाही ती.

नार्सिसा : अगं, वास चांगला होता. चव चांगली होती. तुझ्या जन्माआधीपासून खातेय मी हे कोंब.

ग्लेंदा : या विषाला वास नसतो, आई.

नार्सिसा : पोरीसमोर काय बोलतेस.

ग्लेंदा : दोमी, माझी राणी, झाकण उजेडात तिरकं धर. आणि आरशावर करतेस ना, तसं तोंडानं हाऽऽ कर.

दोमी : हाऽऽ… ठिपके आले.

नार्सिसा : अगंबाई, खरंच की.

ग्लेंदा : वाच. वाफ उडायच्या आत.

दोमी : एक काठी. मग एफ. पुढचे आकडे पुसट आहेत.

ग्लेंदा : एफ? नक्की?

दोमी : एफच. फातिमामावशीच्या नावातला.

ग्लेंदा : गुणाची गं माझी. थांब, मला जरा बसू दे.

नार्सिसा : उगाच जीव काढलास माझा. झाकणं छापता का माणसं घाबरवता?

ग्लेंदा : धड छापतंय कुठं ते मशीन. नेमकं त्याच दिवशी तोंड तुंबलं त्याचं. ठिपक्यांची अगदी खालची रांग उमटतच नव्हती, आणि… दोमी.

दोमी : काय?

ग्लेंदा : कसली काठी म्हणालीस?

दोमी : उभी. एफच्या आधी.

ग्लेंदा : तिथं लॉटचा एल असतो. सगळ्याच झाकणांवर. पुन्हा हाऽऽ कर आणि त्याचा खालचा आडवा पाय शोध.

दोमी : हाऽऽ… पाय नाहीये. नुसती काठी.

नार्सिसा : नसेना का. एलशी काय घेणं आपल्याला?

ग्लेंदा : एलचा पाय उमटला नाही, तर शेजारच्याचाही नाही उमटला, आई. तो एफ नाही. ई आहे.

नार्सिसा : दोमी, ती बरणी लांब ठेव.

ग्लेंदा : आई?

नार्सिसा : ऐकतेय.

ग्लेंदा : आपल्या टॅक्सीवाल्या वॉल्तरला पाठवते. सरळ मोठ्या दवाखान्यात जा, बरणी झाकणासकट बरोबर घ्या. यावर औषध आहे. लवकर दिलं की लागू पडतं. मी तिथंच येते.

नार्सिसा : मला काही होत नाहीये गं.

ग्लेंदा : होऊ नये म्हणूनच. दोमी, टॅक्सीत आजीच्या पापण्यांकडं बघत राहायचं. आणि तिला गोष्ट सांगायला लावायची. पापण्या मिटायला लागल्या किंवा जीभ जड झाली, तर लगेच मला फोन.

दोमी : आजी, गोष्ट सांगशील?

नार्सिसा : सांगते की. कुठली सांगू, विचार तुझ्या आईला.

ग्लेंदा : जिच्या मध्येच मी झोपून जायचे, ती. शेवट मी आल्यावर सांग.