गायकवाडकाकांच्या नावावरचे व्हिडिओ

साजगावच्या कारखान्यात मी नेटवर्क सांभाळायचो, तेव्हा एकदा साहेब जाम भडकले. नेट रखडत होतं, आणि नेटवर्कच्या यादीत रिटायर झालेले गायकवाडकाका दिवसभर व्हिडिओ बघताना दिसत होते!

"चोरून घुसलाय. पोलिसांत देतो," साहेब म्हणाले.

मी घाबरत काकांना त्यांच्या गावी, पोशीरला फोन लावला.

"अरं, मी चिखलात उभा हाय. भाताची लावणी चाललीय. कसले व्हिडिओ?"

मग डोक्यात प्रकाश पडला. काकांच्या कॉम्प्युटरचा आयपी नंबर, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, आता दुसऱ्या मशीनला मिळाला होता, पण विंडोजऐवजी लिनक्सवर चालणाऱ्या त्या मशीननं आपलं नाव नोंदवलंच नव्हतं, म्हणून यादीत काकांचंच जुनं नाव राहिलं होतं. मी हे नंबर वाटणाऱ्या सर्व्हरलाच सगळ्यांची नावं नोंदवायला लावली.

"आता कोण दिसतंय?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, तुमचाच लॅपटॉप."

साहेबांनी घसा खाकरला आणि हळूच क्रिकेटची मॅच बंद केली.